फ्रेमिंगहॅमला हवा असलेला माणूस

पुढचे आकडे वर्गात फळ्यावर लिहिण्याजोगे आहेत. जुलै १९३५ : १३६/७८. एप्रिल १९३७ : १६२/९८. नोव्हेंबर १९४० : १७८/८८. फेब्रुवारी १९४१ : १८८/१०५. मार्च १९४४ : १८६/१०८. आणि १२ एप्रिल १९४५ : ३००/१९०. हे सगळे एकाच माणसाचे रक्तदाब आहेत, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजलेले. शेवटच्या दिवशी दुपारी डोक्यात भयंकर कळ येऊन तो बेशुद्ध पडला आणि दोन-अडीच तासांत मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावला. वय ६३. नाव फ्रँकलिन रुझवेल्ट, अमेरिकेचे अध्यक्ष.

हा रक्तदाब कोणाला दिसत नव्हता असे नाही. तो मोजला जात होता, लिहून ठेवला जात होता. पण त्याचा अर्थ काय, हे ठरलेले नव्हते. वय वाढले की दाब वाढायचाच, वय अधिक शंभर एवढा वरचा दाब चालतो, असा एक हिशेब तेव्हा सर्रास सांगितला जाई. आपल्याकडेही जुन्या डॉक्टरांच्या तोंडी तो बरीच वर्षे होता. काही शिक्षकांनी तो घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकला असेल. रुझवेल्ट यांचे खासगी वैद्य ॲडमिरल मॅकिंटायर हे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते आणि अध्यक्षांची प्रकृती वयाच्या मानाने ठीक आहे असे ते सांगत राहिले. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रून या तरुण हृदयतज्ज्ञाने तपासले तेव्हा हृदय मोठे झालेले आणि निकामी होत चाललेले आढळले. ब्रून यांच्या हाती होते ते डिजिटॅलिस, मीठ कमी, सिगारेटी कमी आणि विश्रांती. रक्तदाब उतरवणारे भरवशाचे औषध नव्हते.

जून १९४८ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय हृदय कायद्यावर सही केली आणि त्यातून राष्ट्रीय हृदय संस्था जन्माला आली. संसर्गजन्य रोग मागे हटत होते आणि हृदयविकार हे अमेरिकेतील मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण झाले होते. क्षयाचे जंतू सापडले होते, पटकीचे सापडले होते. हृदयविकाराचा जंतू मात्र सापडण्याची चिन्हे नव्हती. सार्वजनिक आरोग्य सेवेतील जोसेफ माउंटिन यांची कल्पना अशी, की रोग्यांकडे पाहणे सोडून द्यावे. एखादे अख्खे गाव घ्यावे, त्यातली धडधाकट माणसे तपासावीत आणि पुढे वीस वर्षे नुसते पाहत राहावे : कोण आजारी पडतो, आणि आजारी पडण्यापूर्वी त्याच्यात इतरांहून वेगळे काय होते?

हा पुढे पाहण्याचा भाग विद्यार्थ्यांना नीट समजावून द्यावा लागतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला आपण विचारले, 'तुम्ही पूर्वी काय खात होता, किती सिगारेटी ओढत होता?', तर तो आठवून सांगणार. आणि आजारी माणसाची आठवण आजाराने रंगलेली असते. शिवाय झटक्यात मेलेल्यांना विचारताच येत नाही. परिणामाआधी कारणाची नोंद झालेली असणे, हा या पद्धतीचा सगळा जोर.

गाव ठरले मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम. बोस्टनच्या पश्चिमेला सुमारे ३२ किलोमीटर, वस्ती २८ हजार. १९१७ पासून काही वर्षे याच गावात क्षयरोगाचा मोठा प्रयोग झाला होता, त्यामुळे तपासायला आलेल्या डॉक्टरांचे गावाला नवल नव्हते. गिल्सिन मेडर्स या तरुण अधिकाऱ्याने गावात समित्या उभ्या केल्या, स्थानिक डॉक्टरांची समजूत घातली, आणि ऑक्टोबर १९४८ मध्ये दवाखाना सुरू झाला. लोकांना आवाहन केले, लोक आपणहून येऊ लागले. सगळे सुरळीत चालले होते, आणि नेमकी तीच अडचण होती.

आपणहून येणारा माणूस हा गावाचा नमुना नसतो. कोणी येतो तो प्रकृतीची फार काळजी घेणारा असतो म्हणून. कोणी येतो तो छातीत अधूनमधून दुखते म्हणून. शाळेत 'ज्यांना गणित आवडते त्यांनी हात वर करा' असे सांगून त्या मुलांच्या गुणांची सरासरी काढावी आणि ती वर्गाची सरासरी म्हणून सांगावी, तसाच हा प्रकार. १ जुलै १९४९ रोजी काम हृदय संस्थेकडे आले, तेव्हा तिथले संख्याशास्त्रज्ञ फेलिक्स मूर यांनी या गोष्टीवर बोट ठेवले. गावाच्या रहिवाशांची यादी होतीच. त्या यादीतून दर तीन कुटुंबांपैकी दोन घ्यायची, आणि त्यांतल्या ठरावीक वयाच्या प्रत्येकाला बोलवायचे. इच्छा असो वा नसो, घरी जाऊन बोलवायचे.

निवडलेल्या ६५०७ जणांपैकी ४४६९ आले. म्हणजे शेकडा ६९ सुद्धा पुरते नाहीत. आधी आलेल्या स्वयंसेवकांपैकी निरोगी असे ७४० मिळवून आकडा झाला ५२०९ : पुरुष २३३६, स्त्रिया २८७३. न आलेल्यांचे काय झाले, याचाही माग पुढे ठेवला गेला, आणि पहिल्या काही वर्षांत त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण आलेल्यांपेक्षा अधिक निघाले. म्हणजे मूर यांची शंका खरी होती, आणि त्यांचा उपायही ती पुरती घालवू शकला नाही. मला या अभ्यासाबद्दल आदर वाटतो तो याच कारणाने. आपल्या नमुन्याचे वैगुण्य त्यांनी स्वतःच मोजून छापले.

स्त्रियांचा आकडा वाचताना जरा थांबावे. त्या काळात हृदयविकार हा पुरुषांचा रोग मानला जाई. मिनेसोटात १९४७ मध्ये सुरू झालेला अभ्यास व्यावसायिक पुरुषांचा होता, ऑल्बनीचा सरकारी नोकर पुरुषांचा होता. फ्रेमिंगहॅममध्ये निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या.

आता प्रश्न असा, की हे चालवणार कोण? कामाचे स्वरूप लक्षात घ्या. वीस वर्षे एका लहान गावात बसायचे. दर दोन वर्षांनी त्याच माणसांना बोलवून त्याच तपासण्या त्याच पद्धतीने करायच्या. कोणावर उपचार करायचे नाहीत, कारण गावातल्या डॉक्टरांना तसा शब्द दिलेला. अहवाल त्यांच्याकडे पाठवायचा, एवढेच. पहिली चार-पाच वर्षे हाती सांगण्यासारखे काही येणार नाही. प्रयोगशाळेत नाव कमावणाऱ्या बुद्धिमान माणसाला यात काय गोडी वाटणार?

१९४९-५० च्या सुमारास हे काम टॉमस रॉयल डॉबर यांच्याकडे आले. जन्म १९१३ चा, कॅनडातला. हार्वर्डची वैद्यकीय पदवी १९३७ ची. त्यानंतरची वर्षे सार्वजनिक आरोग्य सेवेत, बोस्टनजवळ ब्रायटन येथील सरकारी नाविक रुग्णालयात ते वैद्यकाचे प्रमुख होते. रोज रोगी पाहणारा, अनुभवी, गोड बोलणारा डॉक्टर. मोठा संशोधक म्हणून नाव नव्हते. पण तपासणीला आलेल्या माणसाला दोन वर्षांनी पुन्हा यावेसे वाटले पाहिजे, ही या अभ्यासाची खरी गरज होती, आणि ती भागवण्याचे कसब रोगी पाहणाऱ्या डॉक्टरातच असते. त्यांनी ब्रायटनहूनच विल्यम कॅनल या तरुणाला आणले. डॉबर १९६६ पर्यंत संचालक होते, त्यानंतर कॅनल १९७९ पर्यंत. म्हणजे तीस वर्षांत दोनच संचालक झाले. गावकऱ्यांनीही साथ दिली. घर बदलून दूर गेलेली माणसे तपासणीसाठी परत येत.

पहिले मोठे निष्कर्ष १९५७ मध्ये आले. १९६१ मध्ये कॅनल, डॉबर आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांचा हिशेब मांडला : वाढलेला रक्तदाब, रक्तातले वाढलेले कोलेस्टेरॉल आणि हृदयाच्या आलेखातली एक ठरावीक खूण ज्यांच्यात आधीपासून होती, त्यांच्यात हृदयविकार अधिक. या गोष्टींना त्यांनी शब्द वापरला तो जोखमीचे घटक या अर्थाचा. आज विम्याच्या अर्जापासून वर्तमानपत्रापर्यंत सर्वत्र दिसणारा 'रिस्क फॅक्टर' हा शब्दप्रयोग रुळला तो इथून. कारण म्हणायचे नाही, जोखीम म्हणायचे. हा फरक वर्गात सांगायला कठीण, पण सांगितलाच पाहिजे असा आहे.

येथून पुढे अडचण गणिताची होती. १९६२ च्या एका मांडणीत ४० ते ५९ वयाचे १३२९ पुरुष घेतलेले आहेत. सहा वर्षांत त्यांच्यापैकी ९२ जणांना हृदयविकार झाला. कोलेस्टेरॉलचे चार गट, रक्तदाबाचे चार गट, म्हणजे १६ चौकटी. ९२ रोगी १६ चौकटींत वाटले, तर सरासरी सहासुद्धा येत नाहीत. वय, धूम्रपान, वजन असे घटक वाढवत सातवर गेलो आणि प्रत्येकाचे तीनच गट केले, तरी चौकटी होतात तीनचा सातवा घात, २१८७. अभ्यासातले सगळे पुरुष जेमतेम तेवढेच! चौकटीत एकेक माणूस बसवून टक्केवारी काढणार कशी?

जेरोम कॉर्नफील्ड यांनी चौकटी मोडून टाकल्या. प्रत्येक घटकाला एक वजन द्यायचे, सगळ्यांची बेरीज करायची, आणि ती बेरीज इंग्रजी 'एस' अक्षरासारख्या वळणाच्या वक्रावर बसवायची. हा वक्र शून्याच्या खाली जात नाही आणि एकाच्या वर जात नाही, त्यामुळे उत्तर थेट संभाव्यता म्हणून वाचता येते. वजने कोणती, ते सगळ्या माणसांची आकडेवारी मिळून ठरवते. एकही चौकट रिकामी राहण्याचा प्रश्न उरत नाही. या रीतीने पाहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. रक्तदाब अमुक आकड्यापर्यंत निर्धोक आणि त्यापुढे एकदम धोक्याचा, अशी पायरी कुठे नाही. जोखीम हळूहळू चढत जाते. 'वय अधिक शंभर' या हिशेबाला त्यात जागाच नव्हती. १९६७ मध्ये ट्रूएट, कॉर्नफील्ड आणि कॅनल यांनी बारा वर्षांची आकडेवारी आणि सात घटक घेऊन हीच रीत मांडली. आज संगणकाला शिकवून रोगाचे भाकीत करणाऱ्या पद्धतींच्या पाठ्यपुस्तकांत हा वक्र सुरुवातीच्याच प्रकरणांत भेटतो.

या कॉर्नफील्ड यांचे शिक्षण किती? न्यूयॉर्क विद्यापीठाची १९३३ ची बी.ए., विषय इतिहास. डॉक्टरेट नाही, एम.ए.सुद्धा नाही. मंदीच्या काळात मजूर खात्याच्या सांख्यिकी कार्यालयात नोकरी धरली आणि कृषी खात्याने चालवलेल्या वर्गांत संख्याशास्त्र शिकले. १९४७ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये आले.

येथे थोडे विषयांतर करतो. काही वर्षांपूर्वी एका निवड समितीवर मी बाहेरचा सदस्य म्हणून बसलो होतो. पद वरिष्ठ संशोधकाचे, काम मेंदू आणि हृदयाच्या आरोग्याच्या विदेवर, म्हणजे साठवलेल्या प्रचंड आकडेवारीवर. संस्थेचे नाव महत्त्वाचे नाही, आमच्याकडे सगळीकडे असेच चालते. अर्जांची पहिली चाळणी कारकुनाने केली होती : डॉक्टरेट आहे की नाही, शोधनिबंध किती, गेल्या पाच वर्षांत किती. चाळणीतून खाली पडलेल्यांत एक बाई होत्या. एका ग्रामीण रुग्णालयात चौदा वर्षे एकाच तालुक्यातल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी ठेवल्या होत्या. निबंध तीन. मी त्यांचा अर्ज पुन्हा मागवला, तेव्हा अध्यक्षांनी नियमावर बोट ठेवले. आणि मीही फार ताणून धरले नाही. ते मला आजही खटकते. डॉबर या चाळणीतून गेले नसते आणि कॉर्नफील्ड तर पहिल्याच रकान्यात अडले असते.

असो. फ्रेमिंगहॅमच्या आकड्यांनी एक गोष्ट मात्र सिद्ध होत नव्हती. दाब अधिक तर जोखीम अधिक, हे दिसले. पण दाब उतरवला तर जोखीम उतरते का? त्यासाठी औषध हवे आणि प्रयोग हवा. औषधाच्या कहाणीतला एक धागा आपल्या मुंबईचा आहे. मुंबईचे हृदयतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये, म्हणजे फ्रेमिंगहॅममध्ये फेरबदल चालू असतानाच, सर्पगंधा या आपल्या जुन्या वनस्पतीचा रक्तदाबावरचा परिणाम ५० रुग्णांवर पाहून ब्रिटिश हृदयविज्ञान नियतकालिकात निबंध छापला. तो वाचून बोस्टनमधल्या रॉबर्ट विल्किन्स यांनी सर्पगंधा अमेरिकेत नेली. पुढे तिच्यातले रेसर्पिन वेगळे झाले. १९६७ मध्ये एडवर्ड फ्राइस यांनी माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला प्रयोग प्रसिद्ध केला : खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष, निम्म्यांना औषधे, निम्म्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. औषध न मिळालेल्यांत गंभीर घटना २७, मिळालेल्यांत २. त्या औषधांच्या मिश्रणात रेसर्पिन होते.

गोष्ट येथेच संपायची होती. ठरलेली वीस वर्षे भरत आली, आणि साठच्या दशकाच्या शेवटी सरकारने पैसा आवरता घ्यायचे ठरवले. मिळवायचे ते मिळवून झाले, असा विचार. त्यात चूक अशी काही नव्हती. ज्या प्रश्नासाठी अभ्यास काढला, त्याचे उत्तर आले होते. डॉबर एव्हाना बोस्टन विद्यापीठात गेले होते. त्यांनी खासगी देणगीदारांकडे फिरून पैसा उभा केला आणि तपासण्या चालू ठेवल्या. १९७१ मध्ये सरकारी मदत पुन्हा सुरू झाली, आणि त्याच वर्षी मूळ माणसांच्या मुलांना व सुनाजावयांना घेऊन ५१२४ जणांचा दुसरा गट उभा राहिला. २००२ मध्ये नातवंडांचा तिसरा. १९९४ मध्ये गावातल्या इतर वंशांच्या लोकांचा एक वेगळा गट घेतला गेला, कारण मूळ गट जवळजवळ सगळा गोऱ्यांचा होता.

त्या दोन-तीन अडचणीच्या वर्षांत दवाखान्याला कुलूप लागले असते, तर काय हातचे गेले असते? याचे उत्तर हृदयात नाही, मेंदूत आहे. फिलिप वुल्फ हे मेंदूविकारतज्ज्ञ साठच्या दशकाच्या अखेरीस या हृदयाच्या अभ्यासात आले. पक्षाघात हे म्हातारपणी येणारे दैव मानले जाई. १९७० मध्ये कॅनल, वुल्फ आणि सहकाऱ्यांनी रक्तदाब आणि पक्षाघात यांचा संबंध मांडला. १९७८ मध्ये त्याहून अनपेक्षित गोष्ट पुढे आली. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे, म्हणजे अलिंदांचे, आकुंचन कधी कधी बिघडते. ते नीट न दबता नुसते थरथरत राहतात आणि नाडी बेताल होते. हृदयाच्या झडपा चांगल्या असतील, तर हे फारसे मनावर घेतले जात नसे. वुल्फ यांच्या हिशेबात अशा माणसांना पक्षाघाताची जोखीम पाचपटीहून अधिक निघाली. थरथरत्या अलिंदात रक्त साचून राहते, त्याची गुठळी होते, ती प्रवाहाबरोबर मेंदूच्या धमनीत जाऊन अडकते. १९९१ चा हिशेब असा, की पन्नाशीतल्या शंभर पक्षाघातांपैकी एक-दोनच या थरथरीला लावता येतात, पण ऐंशी ते एकोणनव्वद वयात सुमारे चोवीस. म्हणजे ही गोष्ट दिसायला माणसे म्हातारी व्हावी लागतात, आणि तोवर त्यांच्या नोंदी कोणीतरी ठेवाव्या लागतात. वीस वर्षांत ती दिसणे शक्यच नव्हते. आज अशा रुग्णांना रक्त गोठू न देणारी औषधे देतात, ती याच समजुतीवर.

सत्तरच्या दशकात स्मरण आणि विचारशक्तीच्या चाचण्याही सुरू झाल्या. १९९३ मध्ये दिसले, की उपचार न केलेला रक्तदाब ज्यांचा चढा होता, त्यांचे या चाचण्यांतले गुण बारा-चौदा वर्षांनी कमी होते. रुझवेल्ट यांच्या बाबतीत जे एका दुपारी घडले, ते या माणसांच्या मेंदूत हळूहळू घडत होते.

आणि २०१६ चा एक निष्कर्ष शिक्षकांनी मुद्दाम पाहावा असा आहे. साठीच्या वरच्या ५२०५ लोकांचा सुमारे तीस वर्षांचा आढावा. पाच वर्षांच्या मुदतीत नव्याने स्मृतिभ्रंश होणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या टप्प्यात शंभरांत ३.६ होते, मग २.८, मग २.२, मग २.०. रोग कमी होत होता, आणि त्यावर औषध तर निघाले नव्हते. पण ही घट सर्वांत नव्हती. निदान शालान्त शिक्षण पूर्ण केलेल्यांतच ती होती. शाळा अर्धवट सुटलेल्यांत नव्हती. हृदयाची जोखीम कमी झाल्याने यातले काही उलगडते, सगळे नाही. शाळेत नेमके काय मिळते, की शाळा सोडण्याला घरातली गरिबीच कारण होती आणि पुढची प्रकृतीही तिनेच बिघडवली, हे या आकड्यांतून सुटे करता येत नाही. या कामातल्या ज्येष्ठ संशोधक डॉ. सुधा शेषाद्री या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी.

एका गावाचे सूत्र दुसऱ्या गावाला जसेच्या तसे लागत नाही, हेही आता ठाऊक आहे. २००३ मध्ये ब्रिटिश पुरुषांवर फ्रेमिंगहॅमचे गणित ताडून पाहिले, तेव्हा हृदयविकाराचे भाकीत प्रत्यक्षाच्या सुमारे दीडपट निघाले. उलट तिथल्या दक्षिण आशियाई पुरुषांसाठी, म्हणजे आपल्यासारख्यांसाठी, उत्तराला १.४ ने गुणावे असा सल्ला २००८ च्या ब्रिटिश मार्गदर्शिकेत होता. गुणून काम भागते, पण तो ठिगळाचा उपाय झाला. आपली माणसे आपणच मोजायला हवीत. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर भागात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राने ४५ वर्षांवरील दहा हजार ग्रामस्थांना घेऊन असे काम हाती घेतले आहे. पुण्यात के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांच्या नोंदी सुरू केल्या. सुमारे आठशे गर्भवतींची बाळे जन्मतःच तपासली. सरासरी वजन साधारण २.७ किलो, ब्रिटिश बाळांपेक्षा पुष्कळ कमी, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. ती मुले दर काही वर्षांनी पुन्हा तपासली जात राहिली. फ्रेमिंगहॅमच्या पहिल्या तपासणीला आलेल्यांत जे सर्वांत तरुण होते, साधारण त्यांच्या वयाला ती आता पोहोचली आहेत.